ऊन खाणारे शेजारी

हिवाळ्यात सकाळी साडेसातच्या सुमारास कन्हेरीच्या माळावर गेलात, तर बांधावरच्या एखाद्या काळ्या दगडाला हात लावून बघा. रात्रभर गारठलेला तो दगड अजून थंडगार असतो. त्याच्यावर एक सरडा पोट टेकून पडलेला असतो. पाय फाकलेले, अंग चपटं केलेलं, एक कूस उगवतीकडे. रंग नेहमीपेक्षा काळपट. आपण दोन पावलं पुढे सरकलो तरी तो हलत नाही. बघणाऱ्याला वाटतं, भलताच धीट आहे. खरं तर त्याचे पाय अजून जागे झालेले नसतात. थोड्या वेळाने ऊन चढतं, अंगाचा काळपटपणा उजळतो आणि तोच सरडा पापणी लवायच्या आत बोराटीत गडप होतो.

या बसण्याला मराठीत नेमका शब्द आहे: ऊन खाणं. थंडीत ओट्यावर बसलेले आजोबा ऊन खातात, गोठ्याबाहेरचं वासरू ऊन खातं. त्यांची ती चैन असते. सरडा मात्र खरोखरच ऊन खात असतो.

माणूस, गाय, कुत्रा, चिमणी, आपण सगळे अंगात चूल घेऊन फिरतो. ती जन्मल्यापासून मरेपर्यंत विझू द्यायची नसते. खाल्लेल्या भाकरीतला मोठा वाटा या चुलीचं सरपण म्हणून जळतो. म्हणूनच चिमुकल्या चिचुंद्रीला एका दिवसाचाही उपास सोसत नाही. सरड्याची चूल अंगाबाहेर आहे. ऊन, तापलेला दगड, बांधाची माती हीच ती चूल. सरपणाचा खर्च नसल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जितकं अन्न लागतं, त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शात तो भागवतो. नाग एक उंदीर गिळून आठवडेच्या आठवडे स्वस्थ राहतो, तोही याच हिशेबावर. शाळेत आपण यांना ‘थंड रक्ताचे’ म्हणायला शिकलो. पण भर दुपारी माळावर धावणाऱ्या सरड्याचं रक्त आपल्याइतकंच, कधीकधी आपल्यापेक्षा जास्त गरम असतं. ती ऊब उसनी असते, एवढाच फरक.

सरडा, साप, कासव, बेडूक ज्यांना आवडतात, आणि ते आपल्याजवळ असावेत असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. या प्राण्यांचं निम्मं शरीर कातडीच्या आत असतं आणि निम्मं बाहेर, मातीत, पाण्यात, उन्हात पसरलेलं असतं. यांना सांभाळायचं तर ते बाहेरचं निम्मंही सांभाळावं लागतं.

माळ आणि मळा

बारामतीजवळची कन्हेरी लोकांना मारुतीच्या देवळामुळे माहीत आहे. गावालगत वनखात्याचं रान आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख, वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. मुरमाड माळ, बाभळी, बोरी, हिवर, कुसळी गवत. तालुक्याचा दुसरा चेहरा मात्र हिरवा आहे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला आणि त्याच्यामागून ऊस आला. एका बाजूला तहानलेला माळ, दुसऱ्या बाजूला भिजलेला मळा. उघड्या उन्हाचे आणि ओल्या चिखलाचे असे दोन्ही प्रकारचे जीव इथे हाकेच्या अंतरावर नांदतात.

दख्खनच्या अशा उघड्या माळांवर एक सरडा राहतो. एरवी तो मातीच्याच रंगाचा, नजरेत न भरणारा. पावसाळ्याआधीच्या दिवसांत मात्र नर दगडावर चढून उभा राहतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी. रखरखीत माळावर कुणी तरी रेशमी रुमाल झटकावा आणि पुन्हा खिशात घालावा, तसं ते दिसतं. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पंखेवाल्या सरड्यांचा बारकाईने अभ्यास करून त्यांच्यातल्या काहींसाठी नवी प्रजाती मांडली. तिचं शास्त्रीय नाव त्यांनी ठेवलं ‘सराडा’, म्हणजे आपलाच ‘सरडा’. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या सरड्याला ‘सराडा सुपर्बा’ म्हणतात, दख्खनच्या सरड्याला ‘सराडा डेक्कनेन्सिस’. बांधावर बसून आपण ज्याला खडा मारायचो, त्याचं मराठी नाव आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आहे.

हा सरडा काचेच्या पेटीत ठेवला तर पंखा उघडेल का? त्याला दगडाची उंची हवी, मोकळी नजर हवी, समोर दुसरा नर हवा, पावसाआधीचा ताव हवा. यातलं एकही त्याच्या कातडीच्या आत नाही.

घागर बाहेर ठेवणारा

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडून गेला की त्या रात्री शिवारात झोप लागणं कठीण. कालपर्यंत ज्या डबक्याच्या जागी भेगाळलेली माती होती, तिथे शेकडो बेडूक ओरडत असतात. भारतीय बैलबेडकाचे नर त्या दिवसांत लिंबासारखे पिवळेधमक होतात आणि गालांखालच्या दोन्ही पिशव्या निळ्या फुगतात. लहान मुलं विचारतात, हे एवढे आले कुठून? मोठी माणसं सांगतात, पावसातून पडले.

ते पडले नाहीत, जमिनीतून वर आले. माळावरच्या काही बेडकांच्या मागच्या पायाच्या टाचेजवळ एक कडक उंचवटा असतो, फावड्याच्या पात्यासारखा. हाच त्यांचा खोरं-टिकाव. असा बेडूक मातीत शिरताना पाहणं हा एक सोहळा आहे. तो तोंड आपल्याकडे करून बसतो आणि मागच्या पायांनी माती आळीपाळीने बाजूला सारतो. अंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे वळतं. तो उतरतो उलटा, बूड आधी. पाहता पाहता पोट दिसेनासं होतं, मग पाठ. शेवटी मातीवर दोन डोळे उरतात. एकदा मिटतात, आणि तिथे काहीच नव्हतं अशी जमीन सपाट होते. २०१७ मध्ये पुण्यातल्या आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या अशाच मातीत शिरणाऱ्या बेडकाची एक नवी जात जगासमोर आणली. तिचं नाव ‘स्फेरोथेका पश्चिमा’. आपल्या पायाखालीच होती, पण वेगळी म्हणून कुणी ओळखली नव्हती.

वर्षातले कित्येक महिने हा जीव ओल धरून ठेवणाऱ्या मातीत निपचित पडून काढतो. बारामतीजवळ माळेगावला २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली. दुष्काळ, उष्णता, खारट जमीन यांचा ताण पिकांनी आणि जनावरांनी कसा सोसावा, याचं संशोधन तिथे चालतं. त्याच तालुक्याच्या माळाखाली हा बेडूक कोरड्या दिवसांचा ताण आपल्या पद्धतीने सोसत आला आहे.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याच्या पोटाखाली, मांड्यांच्या मधे कातडीचा एक पातळ पट्टा असतो. ओल्या मातीवर तो बसला की त्या पट्ट्यातून पाणी आत झिरपतं. म्हणजे तो बसून पितो. श्वासाचा काही भागही तो कातडीनेच घेतो. त्यामुळे बेडकाच्या बाबतीत ‘बाहेर’ आणि ‘आत’ यांच्यात भिंत अशी नाहीच, एक ओला पडदा आहे. आपण वरंब्यावर फवारलेलं औषध, सरीत सोडलेलं खत, कालव्यात धुतलेला फवारणीचा पंप, हे सगळं तो न मागता पितो. बेडूक पाळणारे अनुभवी लोक म्हणूनच नळाचं क्लोरीनयुक्त पाणी तसंच वापरत नाहीत आणि साबण लागलेल्या हाताने बेडकाला शिवत नाहीत.

अजून एक गंमत सांगतो. बेडकाने किडा तोंडात घेतला की त्याचे डोळे मिटून आत जातात. ते खरोखरच आत जातात: डोळ्यांचे गोळे तोंडाच्या पोकळीत उतरतात आणि घास घशाकडे ढकलायला मदत करतात. डोळे मिटून जेवणारा हा प्राणी डोळ्यांनी घास गिळत असतो.

विहिरीतलं कासव

एकदा उन्हाळ्यात कन्हेरीच्या शिवारात एका जुन्या दगडी विहिरीपाशी थांबलो होतो. पाणी खोल गेलं होतं. कडेला, पायरीच्या शेवटच्या दगडावर एक तांब्याच्या ताटाएवढं कासव मान लांब करून बसलेलं होतं. मळ्याचे मालक, सत्तरीचे आबा, शेजारी येऊन उभे राहिले.

“आबा, हे किती वर्षांपासून आहे इथं?”

“म्या हातपंप बघायच्या आदीपास्नं. वडलांनी सांगून ठिवलंय, इहिरीतलं कासव काढायचं न्हाय. त्ये हाय तवर पाणी निर्मळ.”

आबांच्या त्या निर्मळ पाण्यामागे विज्ञान आहे. हे मऊ पाठीचं कासव गोगलगाई, किडे, बेडकांची पिल्लं, मेलेले मासे, पाणवनस्पती, जे मिळेल ते खातं. पाण्यात सडणारं काहीही ते शिल्लक ठेवत नाही. त्याच्या पोटाकडच्या कवचाला मागे दोन झडपा असतात. पाय आत घेतले की दाराला फळी लावावी तशा त्या झडपा बंद होतात. पाणी आटलं तर हे कासव स्वतःला चिखलात गाडून घेतं आणि पुढच्या पावसाची वाट पाहतं.

कासवाची पाठ म्हणजे अंगावर घेतलेलं घर, असं आपण मुलांना सांगतो. खरी गोष्ट त्याहून अद्भुत आहे. ते कवच म्हणजे त्याच्याच बरगड्या आणि पाठीचा कणा. अंड्यात असतानाच बरगड्या खाली न वळता आडव्या पसरतात आणि रुंद होऊन एकमेकींना भिडतात. परिणामी कासवाच्या खांद्याचं हाड बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या आत जातं. आपला खांदा बरगड्यांच्या बाहेर असतो. कुत्र्याचा, पक्ष्याचा, सरड्याचाही. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत खांदा असा घरात ओढून घेतलेला फक्त कासव. त्यामुळे ‘कवचातून काढलेलं कासव’ नावाची गोष्ट असूच शकत नाही. कवच काढलं की छातीच गेली.

या मुलखाचं कासवांशी एक जुनं नातं आहे. १८७२ मध्ये लंडनच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी मऊ पाठीच्या एका मोठ्या नदीकासवाचं पहिल्यांदा शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याहून मिळालेल्या नमुन्यावरून. मुंबईतले डॉक्टर अँड्र्यू लीथ यांच्यावरून त्याचं नाव पडलं. लीथचं कासव फक्त भारतीय द्वीपकल्पातल्या नद्यांमध्ये राहतं, आणि आज आंतरराष्ट्रीय यादीत ते ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. २०२२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी घालायचा निर्णय झाला. बारामतीची कऱ्हा नदी नीरेला मिळते, नीरा इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, आणि पुण्याची मुळा-मुठाही त्याच भीमेत येते. जगाला ज्या कासवाची ओळख पुण्याने करून दिली, त्याच्या नदीच्या काठावर आपण राहतो.

औषध बाहेर, पाळणाही बाहेर

आजारी पडल्यावर आपल्याला ताप येतो. अंगातली चूल मुद्दाम मोठी होते, कारण वाढलेल्या तापमानात शरीर जंतूंशी अधिक जोराने लढतं. ज्याची चूलच बाहेर आहे, त्याला ताप कसा येणार? १९७० च्या दशकात अमेरिकेत शास्त्रज्ञांनी वाळवंटी इग्वानांना जंतुसंसर्ग केला आणि त्यांना ऊन-सावली निवडायची मोकळीक दिली. आजारी इग्वाना जास्त गरम जागी जाऊन बसले आणि त्यांनी आपलं तापमान दोन अंशांनी चढवलं. चालत जाऊन त्यांनी ताप आणला. ज्यांना गरम जागाच मिळू दिली नाही, त्यांच्यात मरणारे कितीतरी जास्त निघाले. आजारी सरपटणाऱ्या प्राण्याला औषध देण्याआधी पशुवैद्य पेटीतलं तापमान विचारतात, ते याचसाठी.

पचनाचंही तसंच. साप भक्ष्य गिळल्यावर उबेची जागा शोधतो. थंडी पडली तर पोटातलं भक्ष्य पचण्याऐवजी सडू लागतं आणि तो ते ओकून टाकतो. ऊब मिळाली तर केवढी उलाढाल होते ते पाहा: मोठं जेवण झाल्यावर बर्मी अजगराचं हृदय दोन-तीन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं आणि पचन संपलं की पुन्हा लहान होतं. पाहुणे येणार म्हणून मांडव घालावा आणि लग्न आटोपल्यावर सोडून ठेवावा, तसं हृदय.

काही कासवांमध्ये आणि सगळ्या मगरींमध्ये तर पिल्लू नर होणार की मादी, हेदेखील मातीच्या उबेवर ठरतं. दुकानात मिळणाऱ्या लाल कानाच्या अमेरिकी कासवाची अंडी २६ अंशांना उबवली तर नर निघतात, ३१ च्या वर मादी. आईने खड्डा सावलीत खणला की उन्हात, यावर मुलगा-मुलगी ठरतं.

काचेची पेटी

आता त्या दुकानात जाऊ. मत्स्यपेटीच्या दुकानात रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, हिरवंगार, गालावर लाल पट्टा असलेलं पिल्लू पाहून मुलं हट्ट धरतात. त्यांचा हट्ट मला कळतो. इतकं चिमुकलं, इतकं जुन्या काळातलं तोंड असलेलं दुसरं काही दुकानात नसतं. मात्र घरी नेण्याआधी त्या पिल्लाचं बाहेरचं निम्मं शरीर काय आहे, ते पाहावं.

त्याला ऊन हवं. उन्हातले अतिनील ‘ब’ किरण, २८० ते ३१५ नॅनोमीटरचे, कातडीवर पडले की शरीर ड-३ जीवनसत्त्व बनवतं. त्याच्यावाचून खाल्लेलं कॅल्शियम हाडात जात नाही. खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. म्हणजे पेटी खिडकीत ठेवून कासवाला उजेड मिळतो, ऊन मिळत नाही. काही महिन्यांनी पाठ मऊ पडते, कडा वर वळतात, पाय थरथरतात. लोक म्हणतात, कासवाला काय झालं कळत नाही. त्याची उन्हाची उपासमार झालेली असते. मोकळ्या हवेतलं कोवळं ऊन द्यावं लागतं, जवळ सावली ठेवून. नाही तर खास अतिनील दिवा लावावा लागतो. हा दिवा दिसायला पेटलेला असला तरी त्यातले किरण काही महिन्यांत क्षीण होतात, म्हणून तो सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बदलावा लागतो.

त्याला चूल हवी. पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होऊन बसता येईल असा दगड, त्यावर ३० अंशांच्या वरची ऊब, आणि दुसऱ्या टोकाला गारवा. सगळी पेटी एकाच तापमानाची ठेवणं हा सर्वांत मोठा घात, कारण निवड करणं हेच या प्राण्याचं शरीर चालवणं आहे. पोहता येईल एवढं खोल पाणी आणि ते गाळणारं यंत्र हवं. कासव जिथे खातं तिथेच घाण करतं. खाण्यात पालेभाजी, पाणवनस्पती, किडे, गोगलगाय यांची विविधता हवी. नुसत्या सुक्या झिंग्यांवर ते जगतं, पण नीट वाढत नाही.

त्याला वर्षं हवीत. मादी वाढून फूटभर लांबीच्या जवळ जाते आणि नीट सांभाळली तर ३० वर्षं जगते. आठ वर्षांच्या मुलीसाठी घेतलेलं पिल्लू तिच्या मुलांच्या शाळेच्या दिवसांतही असतं. हा हिशेब न केल्यामुळे किती तरी कासवं एका संध्याकाळी तलावात, कालव्यात सोडली जातात. सोडणाऱ्याला वाटतं पुण्य केलं. लाल कानाचं कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत आहे. ऊन खायचे दगड आणि अन्न यांसाठी ते आपल्या कासवांशी झगडतं आणि परके रोगही नेतं. ज्यांच्याकडे असं कासव आहे आणि सांभाळणं होत नाही, त्यांनी वनखात्याला किंवा वन्यजीव उपचार केंद्राला विचारावं, पाण्यात सोडू नये. आणि हात धुणं विसरू नये: कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलं आजारी पडत होती म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

आपल्या मातीतल्या प्राण्यांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार विहिरीतलं मऊ पाठीचं कासव, चांदणी कासव, घोरपड हे पहिल्या अनुसूचीत येतात. त्यांना पकडणं, घरी ठेवणं, विकणं यासाठी किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. चांदणी कासवाने पैसा येतो, मांडुळाने गुप्तधन सापडतं, अशा बोलण्यापायी हे निरुपद्रवी जीव आजही पिशव्यांत भरून विकले जातात. मांडूळ धन दाखवत असतं, तर ते वर्षभर ज्या मातीत तोंड खुपसून राहतं, तिथलं कोरडवाहू शेत आधी सावकाराच्या तावडीतून सुटलं असतं. परदेशी इग्वाना किंवा बॉल पायथनसारखे प्राणी ज्यांच्याकडे आहेत, त्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

सांभाळण्याची मराठी रीत

महाराष्ट्रात या प्राण्यांवर प्रेम करायला शिकवणारी माणसं झाली. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. साप विनाकारण चावत नाही हे त्यांना दाखवायचं होतं. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं आणि शाळांच्या किती तरी सहली नाग, घोणस, मण्यार, फुरसं ओळखायला शिकल्या. आज तसा प्रयोग कुणी करू नये, आणि करायची गरजही उरलेली नाही. घरात साप निघाला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करता येतो.

आणि एक सरपटणारा प्राणी तर आपण सगळे आधीपासून सांभाळतोच. ट्यूबलाइटजवळची पाल. तिच्या बोटांच्या तळव्यांवर लाखो सूक्ष्म केस असतात. हे केस आणि भिंत यांच्या कणांतल्या अगदी क्षीण ओढीवर ती छताला उलटी चालते. ना चिकटा, ना चोषक. पापण्या नसल्यामुळे ती स्वतःचे डोळे जिभेने पुसते. तिला आपण पेटी दिली नाही, दिवा दिला नाही, अन्न दिलं नाही. भिंतीची फट तेवढी बुजवली नाही. तिला तेवढं पुरलं.

कन्हेरीसारख्या गावात पाळण्याची हीच रीत मला सर्वांत खरी वाटते: प्राण्याला पेटीत न आणता त्याचं बाहेरचं निम्मं शरीर शाबूत ठेवायचं. हे काम हाताने करण्यासारखं आहे.

बारामती-इंदापूर भागात शेततळी पुष्कळ. तळाशी आणि उतारांवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. पाण्याला आलेला साप, बेडूक, कासव, ससा त्या गुळगुळीत कागदावरून घसरतो आणि वर येऊ शकत नाही. तासन्‌तास पोहून शेवटी बुडतो. एका कोपऱ्यात काथ्याचा जाड दोर गाठी मारून सोडला किंवा जुनं जाळं खुंटीला बांधून पाण्यापर्यंत टाकलं, की त्या सापळ्याला पायरी मिळते. खर्च नगण्य. उघड्या विहिरीतही एखादी फळी तरंगती ठेवावी. कासवाला ऊन खायला ओटा होतो.

ऊस तुटल्यावर पाचट पेटवलं की सरड्यांची अंडी, लपलेले बेडूक, धामणीची पिल्लं त्यात जातात. पाचट सरीत कुजवलं तर जमिनीला खत मिळतं आणि यांना छप्पर. बांधावरचा दगडांचा ढीग साफसफाईच्या नावाखाली हलवू नये. आपल्याला तो पसारा दिसतो. सरड्याला तो सकाळची चूल आणि दुपारची माजघराची सावली असतो. एक धामण वर्षभरात किती उंदीर खाते, हे ज्याच्या कणगीला उंदीर लागलेत त्याला सांगावं लागत नाही. बेडकांचंही तसंच. मांडीच्या मांसासाठी भारतातून बेडूक परदेशी जात होते. १९८७ मध्ये ही निर्यात थांबवली गेली, कारण शेतात किडे खाणारे बेडूकच उरेनासे झाले होते.

आणि शेवटचं, रस्त्यावरचं. सूर्य मावळला की माळ झपाट्याने निवतो, पण डांबरी रस्ता दिवसभराची ऊब रात्री उशिरापर्यंत धरून ठेवतो. दगड गार झाले की साप, सरडे रस्त्याच्या कडेला येतात. कधी मधेच पसरून पडतात. पहिल्या पावसाच्या रात्री बेडूक रस्ता ओलांडतात. सकाळी चाकाखाली चपटे झालेले दिसतात ते हेच.

म्हणून कन्हेरीहून बारामतीकडे रात्री येताना गाडी जरा हळू घ्या. पुढच्या दिव्याच्या उजेडात डांबरावर आडवी काठी पडल्यासारखं काही दिसलं, तर थांबा, दिवा मंद करा, दोन मिनिटं द्या. कुणीतरी तिथे दिवसभराच्या उन्हाचा शेवटचा घास खात बसलेलं असेल.